ठळक छापलेला आकडा

रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की नजर आधी ठळक अक्षरांवर जाते. पन्नासेक ओळी साध्या छपाईत, त्यांत दोन-तीन आकडे जाड, एखाद्या आकड्याशेजारी वर किंवा खाली रोखलेला बाण. बाकीच्या ओळी कोणी वाचतही नाही. मग प्रश्न ठरलेला: आकडा ठळक आला म्हणजे काही आजार आहे का? त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न यायला हवा, पण तो सहसा येत नाही: सगळे आकडे साधे आले म्हणजे तब्येत ठणठणीत का? दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर आहे. एकट्या आकड्यावरून ते सांगता येत नाही. आकडा त्याच्या शेजारच्या आकड्यांबरोबर वाचावा लागतो आणि ज्याचे रक्त आहे त्याच्या वयाबरोबर, लक्षणांबरोबर, मागच्या रिपोर्टांबरोबर ताडून पाहावा लागतो.

१. ही हद्द कोणी आखली?

प्रत्येक चाचणीपुढे दोन आकडे छापलेले असतात, ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’. ही हद्द ठरवण्याची रीत साधी आहे. निरोगी दिसणाऱ्या पुष्कळ माणसांचे रक्त तपासायचे, आलेले आकडे चढत्या क्रमाने मांडायचे, खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के बाजूला काढायचे, उरलेल्या मधल्या ९५ टक्क्यांना ‘नेहमीचे’ म्हणायचे. याचा अर्थ असा की धडधाकट २० माणसांतला एक जण व्याख्येनेच हद्दीबाहेर पडतो. वर्गातली सर्वांत बुटकी आणि सर्वांत उंच मुले वेगळी उभी केली म्हणून ती आजारी ठरत नाहीत, तसेच हे.

आता थोडा हिशेब. एका चाचणीत हद्दीच्या आत राहण्याची शक्यता ०.९५. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर सगळ्या हद्दीत राहण्याची शक्यता ०.९५ ला ०.९५ ने असे २० वेळा गुणून मिळते, आणि ती येते सुमारे ०.३६. म्हणजे १०० निरोगी माणसांपैकी ६४ जणांच्या रिपोर्टात निदान एक आकडा ठळक असणार. प्रत्यक्षात बऱ्याच चाचण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे हिशेब तंतोतंत असा बसत नाही. पण सत्तर-ऐंशी चाचण्यांच्या ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या पॅकेजात एकही ठळक आकडा न येणे हेच नवल, एवढे मात्र खरे.

काही हद्दी मात्र निरोगी माणसांच्या आकड्यांवरून आखलेल्याच नाहीत. उपाशीपोटी साखरेची १२६ ही रेषा तिथे आहे, कारण साधारण त्या पातळीपासून डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा वाढू लागतात. कोलेस्टेरॉलची रेषाही धोक्यावरून ठरली आहे. गावातले निम्मे लोक ती ओलांडत असले, तरी ती सरकत नाही.

आणि हद्द ओलांडली तर किती, हेही महत्त्वाचे. ४० पर्यंत चालणारा आकडा ४४ आला तरी ठळक छपतो आणि ४४० आला तरी ठळकच. छपाईला तेवढा फरक कळत नाही.

२. सुई आणि बाटली

रक्त काढणारा माणूस वेगवेगळ्या रंगांच्या टोपणांच्या बाटल्या भरतो, त्यामागे कारण असते. जांभळ्या टोपणाच्या बाटलीत ईडीटीए नावाचे द्रव्य असते. ते रक्त साकळू देत नाही, म्हणून पेशी मोजायला ही बाटली. करड्या टोपणाच्या बाटलीत फ्लोराइड असते, ते साखरेसाठी. बाटलीत गेल्यावरही रक्तपेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. फ्लोराइड नसेल आणि नमुना तसाच पडून राहिला, तर दर तासाला साखर पाच ते सात टक्क्यांनी घटते. लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या बाटलीत रक्त मुद्दाम साकळू देतात आणि वर सुटणारा पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड वगैरेंच्या चाचण्यांना वापरतात.

बाटलीत जाण्याआधी आणि गेल्यावर बरेच काही बिघडू शकते. दंडाला पट्टा बराच वेळ आवळून ठेवला, मूठ पुन्हा पुन्हा मिटायला लावली किंवा सुईतून जोराने ओढताना तांबड्या पेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. तब्येत चांगली आणि पोटॅशियम एकदम धोक्याच्या पातळीला, असे झाले तर डॉक्टर बहुधा आधी नव्याने रक्त काढायला सांगतात. आदल्या दिवशी जिममध्ये घाम गाळला असेल, तर स्नायूंतले काही घटक रक्तात उतरतात आणि यकृताच्या चाचणीतही गडबड दिसते. उपाशीपोटी म्हणजे आठ ते बारा तास काही न खाता. साधे पाणी चालते, बिनसाखरेचा असला तरी चहा नाही.

३. हिमोग्लोबिन आणि त्याचे शेजारी

सर्वांत जास्त केली जाणारी तपासणी म्हणजे सीबीसी, जुन्या भाषेत हिमोग्राम. त्यातला हिमोग्लोबिनचा आकडा सर्वांच्या ओळखीचा. तांबड्या पेशींमधले हे लोहयुक्त प्रथिन फुप्फुसांतून ऑक्सिजन उचलते आणि शरीरभर पोहोचवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने १०० मिलिलिटर रक्तात पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ ग्रॅमपेक्षा, स्त्रीचे १२ पेक्षा आणि गरोदर स्त्रीचे ११ पेक्षा कमी असेल, तर तो रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया या रेषेखाली आढळल्या. इतकी सर्रास आढळणारी गोष्ट असल्यामुळे ‘बायकांचे हिमोग्लोबिन कमीच असते’ असे म्हणून ती सोडून दिली जाते. सर्रास आढळते म्हणून ती निरोगी ठरत नाही.

पण हिमोग्लोबिन कमी आहे एवढे कळणे म्हणजे अर्धेच कळणे. ते का कमी आहे, हे खालच्या, कोणी न वाचलेल्या ओळींत असते: तांबड्या पेशींची संख्या म्हणजे आरबीसी, एका पेशीचे सरासरी आकारमान म्हणजे एमसीव्ही आणि पेशींच्या आकारांतली तफावत म्हणजे आरडीडब्ल्यू. एमसीव्ही साधारण ८० ते १०० असते.

स्वयंपाकघरातले उदाहरण घेतले की हे शेजारी लगेच समजतात. डब्यात पीठ कमी आहे आणि घरात माणसे पुष्कळ, तर भाकरी थापणारी बाई काय करते? लहान लहान भाकऱ्या थापते. लोह कमी पडले की अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतला रक्त तयार करणारा मगज, नेमके हेच करते. पेशी लहान आणि फिकट होतात. शिवाय पहिल्या भाकऱ्या बऱ्या, पुढच्या आणखी लहान, असे होत गेल्यामुळे आकार एकसारखे राहत नाहीत आणि आरडीडब्ल्यू वाढतो.

दुसरा प्रकार याच्या उलट. पीठ मुबलक मळून ठेवले आहे, पण गोळे तोडणारा हात मंदावला आहे. मग थोड्याच, पण थोराड भाकऱ्या होतात. बी-१२ किंवा फोलेट कमी पडले की पेशीला विभागणी वेळेवर साधत नाही. ती वाढत राहते, दुभंगत नाही. एमसीव्ही १०० च्या पुढे जातो. बी-१२ निसर्गतः फक्त प्राणिज अन्नात, म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध यांत असते. म्हणून शाकाहारी घरांत, त्यातही दूध न पिणाऱ्यांमध्ये, हा प्रकार हमखास आढळतो. हातापायांना मुंग्या येणे हे त्याचे एक लक्षण, आणि ते कधी कधी हिमोग्लोबिन घटण्याच्या आधीच सुरू होते.

तिसरा प्रकार जास्त फसवा. तिथे भाकऱ्या लहान आहेतच, पण त्यांची चळत मात्र भली मोठी. तीन रिपोर्ट शेजारी ठेवून पाहावेत.

पहिला: हिमोग्लोबिन १०.२, आरबीसी ४.४ दशलक्ष, एमसीव्ही ७२, आरडीडब्ल्यू १८.

दुसरा: हिमोग्लोबिन १०.८, आरबीसी ५.७ दशलक्ष, एमसीव्ही ६२, आरडीडब्ल्यू १४.५.

तिसरा: हिमोग्लोबिन १०.४, आरबीसी २.७ दशलक्ष, एमसीव्ही ११२, आरडीडब्ल्यू १७.

हिमोग्लोबिनपुरते पाहिले तर तिन्ही सारखेच, आणि तिघांनाही औषधाच्या दुकानातून लोहाच्या गोळ्यांची तीच पट्टी मिळू शकते. तिसऱ्यात पेशी मोठ्या आहेत. तिथे बी-१२ आणि फोलेट तपासावे लागेल. पहिल्या दोन्हींत पेशी लहान आहेत, पण दुसऱ्यात त्यांची संख्या नेहमीपेक्षा जास्त आहे. एमसीव्हीला आरबीसीने भागले की पहिल्यात ७२ भागिले ४.४ म्हणजे सुमारे १६ येतात, दुसऱ्यात ६२ भागिले ५.७ म्हणजे सुमारे ११. हा भागाकार १९७३ पासून मेन्टझर निर्देशांक म्हणून ओळखला जातो. तो १३ पेक्षा जास्त आला तर लोहाच्या कमतरतेकडे बोट जाते, कमी आला तर थॅलेसेमिया या आनुवंशिक दोषाच्या वाहकत्वाकडे. हा अंदाज आहे, निदान नव्हे. लोहाचा साठा फेरिटिनच्या चाचणीने कळतो. वाहकत्व एचपीएलसी चाचणीत कळते, तिथे हिमोग्लोबिन ए-२ हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर गेलेला दिसतो.

थॅलेसेमियाचा वाहक स्वतः आजारी नसतो. त्याच्या पेशी जन्मभर लहान राहतात आणि, लोहाची वेगळी कमतरता नसेल तर, लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढत नाही. तरीही वर्षानुवर्षे गोळ्या घेत राहिलेले वाहक थोडे नाहीत. वाहक असल्याचे कळण्याला खरे महत्त्व येते ते लग्नाच्या वेळी. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मण्याची शक्यता चारात एक असते आणि अशा मुलाला जन्मभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. सिंधी, पंजाबी, कच्छी-लोहाणा अशा काही समाजांत वाहकांचे प्रमाण जास्त आहे. विदर्भात आणि सातपुड्यातल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या दुसऱ्या आनुवंशिक दोषाचे प्रमाण मोठे आहे. तिथे तर वाहकाचा सीबीसी पुष्कळदा अगदी साधा येतो; सिकलसेलची वेगळी चाचणी केल्याखेरीज पत्ता लागत नाही. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, तिचा भर अशा सरसकट तपासणीवर आहे.

लोहाची कमतरता ठरली, तरी एक प्रश्न उरतो: लोह गेले कुठे? पाळीच्या वयातल्या स्त्रीत उत्तर बहुधा उघड असते. पण पन्नाशीतल्या पुरुषाचे हिमोग्लोबिन लोहाअभावी १० वर आले असेल, तर आतड्यात कुठे तरी हळूहळू रक्त झिरपते आहे का, हे शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्या देत राहणे ही चूक आहे. मूळव्याधीपासून आतड्याच्या कर्करोगापर्यंत काहीही त्यामागे असू शकते.

४. पांढऱ्या पेशी: टक्के फसवतात

पांढऱ्या पेशींची एकूण संख्या साधारण ४,००० ते ११,००० असते. त्याखाली पाच प्रकारांचे टक्के दिलेले असतात. न्यूट्रोफिल वाढले तर बहुधा जिवाणूंचा संसर्ग, लिम्फोसाइट वाढले तर बहुधा विषाणूंचा, इओसिनोफिल वाढले तर ॲलर्जी, दमा किंवा पोटातले जंत. हे ठोकताळे आहेत, बरेचदा लागू पडतात, पण टक्के एकटे वाचले की हमखास दगा देतात.

समजा एकूण पेशी ३,६०० आणि लिम्फोसाइट ६० टक्के. रिपोर्टात ६० ठळक छापले आहेत, कारण हद्द ४० पर्यंत. पण ३,६०० चे ६० टक्के म्हणजे २,१६०, आणि ही लिम्फोसाइटची संख्या अगदी नेहमीची आहे. मग बिघडले काय? न्यूट्रोफिल ३० टक्के, म्हणजे १,०८०. ते दीड-दोन हजारांच्या वर असायला हवेत. कमी झालेत ते न्यूट्रोफिल, आणि बाण लागला आहे लिम्फोसाइटना. घरात चौघांतले दोघे गावाला गेले की उरलेल्या दोघांपैकी प्रत्येकाचा वाटा ५० टक्के होतो, तसा हा प्रकार. विषाणूंच्या तापात आठवडाभर असे दिसणे नवे नाही. म्हणून टक्क्यांच्या खाली ‘ॲब्सोल्यूट काउंट’ म्हणून दिलेली प्रत्यक्ष संख्या वाचावी.

५. प्लेटलेट: लाखांचा हिशेब

पावसाळा सरता सरता महाराष्ट्रात सर्वांत जास्त बोलला जाणारा आकडा हाच. प्लेटलेट म्हणजे जखमेवर बूच बसवणाऱ्या चिमुकल्या पेशी; त्यांची संख्या दीड ते साडेचार लाख, आयुष्य सात ते दहा दिवस.

यंत्र त्या मोजते ते एका बारीक छिद्रातून पेशी एकेक करून जाऊ देऊन. पेशी छिद्रातून सरकली की विजेच्या प्रवाहाला क्षणभर अडथळा होतो. अडथळा जेवढा मोठा तेवढी पेशी मोठी. वॉलेस कोल्टर या अमेरिकी संशोधकाला या युक्तीचे पेटंट १९५३ मध्ये मिळाले, आणि आजच्या बऱ्याच यंत्रांत तीच वापरली जाते. तिची खोड अशी की चार-पाच प्लेटलेट एकमेकींना चिकटून आल्या, तर यंत्राच्या लेखी ती एकच मोठी पेशी, प्लेटलेट नव्हेच. काही माणसांच्या रक्तात जांभळ्या बाटलीतल्या ईडीटीएमुळेच असे गुच्छ होतात. माणूस ठणठणीत, अंगावर कुठे डाग नाही आणि प्लेटलेट ४०,०००! अशा वेळी काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहिले, किंवा निळ्या टोपणाच्या सायट्रेटच्या बाटलीत नमुना पुन्हा घेतला, की पुष्कळदा खरा आकडा दोन लाखांच्या घरात निघतो.

डेंगीत प्लेटलेट खरोखरच उतरतात. साधारणपणे ताप ओसरण्याच्या सुमारास त्या सर्वांत कमी होतात आणि मग दोन-तीन दिवसांत आपोआप वर येऊ लागतात. नेमक्या त्याच दिवसांत पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचे दूध यांपैकी काही तरी चालू असते आणि चढत्या आकड्यांचे श्रेय त्याला मिळते. डेंगीत जिवाला मोठा धोका असतो तो रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपण्याचा. तो प्लेटलेटवरून कळत नाही. त्याच रिपोर्टातल्या हिमॅटोक्रिटवरून, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या घनभागाच्या टक्केवारीवरून कळतो. द्रव झिरपला की उरलेले रक्त आटवलेल्या दुधासारखे दाट होते. हिमॅटोक्रिट ४० वरून ४८ झाले, म्हणजे पाचव्या हिश्शाने वाढले, तर ती धोक्याची घंटा, मग प्लेटलेट ९०,००० का असेनात. पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून रक्त, अंगात ग्लानी ही लक्षणेही आकड्यांइतकीच बोलकी. रक्तस्राव नसेल तर साधारण १०,००० च्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट चढवत नाहीत. ७०,००० वर रात्री रक्तपेढ्यांकडे धावाधाव करण्याचे कारण नसते.

६. ईएसआर आणि तुरटी

पावसाळ्यातले गढूळ पाणी भांड्यात ठेवले की गाळ हळूहळू खाली बसतो. तुरटी फिरवली की कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि झपाट्याने बसतात. ईएसआर म्हणजे एका उभ्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसल्या, त्याचे माप. शरीरात कुठे जंतुसंसर्ग किंवा दाह असला की यकृत फायब्रिनोजेनसारखी प्रथिने जास्त सोडते. ती तुरटीचे काम करतात. पेशींच्या चळती होतात आणि त्या लवकर बसतात. तुरटी कोणी फिरवली, हे मात्र भांड्याकडे पाहून कळत नाही. क्षयरोग, संधिवात, साधा फोड, गरोदरपण, रक्तक्षय, नुसते वाढलेले वय, कशानेही ईएसआर वाढतो. पुरुषाचे वय भागिले दोन, स्त्रीच्या वयात दहा मिळवून भागिले दोन, इथपर्यंतचा आकडा चालून जातो.

तापाच्या रुग्णांच्या फायलीत ईएसआरच्या सोबतीने हटकून सापडणारी विडाल ही टायफॉइडची चाचणी याहून बेभरवशाची. जिथे टायफॉइडचे जंतू सतत वावरतात तिथे निरोगी माणसाच्या रक्तातही ती ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. ताप येताच केलेल्या एका विडालवरून टायफॉइड ठरवणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. खरा पुरावा मिळतो तो रक्ताच्या कल्चरमधून, आणि तेही प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घ्यावे लागते.

७. साखर आणि मोरावळा

उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ हा मधुमेहाचा उंबरठा. १२६ किंवा जास्त आली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासूनही तशीच आली, तर मधुमेह. ही झाली त्या सकाळची साखर. तपासणीच्या आधी चार दिवस भात-गोड बंद करून ती थोडी खाली आणता येते, आणि पुष्कळ जण आणतातही.

एचबीएवनसी या चाचणीला ही चलाखी कळते. मोरावळ्याच्या बरणीत आवळा पाकात मुरतो. पाक जेवढा दाट आणि मुक्काम जेवढा लांब, तेवढा गोडवा आत शिरतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस रक्तातल्या साखरेत मुरत असते. किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली, ते ही चाचणी सांगते. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. टक्क्यांचे रूपांतर सरासरी साखरेत करता येते: ६ म्हणजे सरासरी १२६, ७ म्हणजे १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. सरासरी तीन महिन्यांची असली, तरी तिचा जवळपास निम्मा भार शेवटच्या महिन्याचा असतो.

हीच बरणी चाचणीचा कच्चा दुवाही दाखवते. आवळा लवकर बाहेर काढला तर तो कमी गोड लागणार. सिकलसेलमध्ये, रक्त फुटण्याच्या इतर आजारांत, किंवा नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल तर पेशींचे सरासरी वय कमी असते आणि एचबीएवनसी खोटाच कमी येतो. लोहाच्या कमतरतेत याच्या उलट, खऱ्यापेक्षा जास्त. घरातल्या यंत्रावर सकाळची साखर रोज १६० आणि एचबीएवनसी ५.६, असे जुळेनासे झाले की संशय एचबीएवनसीवरही घ्यावा.

८. क्रिएटिनिन: एकच आकडा, दोन माणसे

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून निघणारा कचरा. मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. घरात कचरा साठतो आहे का, हे दोन गोष्टींवर अवलंबून: घंटागाडी येते का, आणि घरात कचरा निघतो किती. एकट्या माणसाच्या घरी घंटागाडी चार दिवस चुकली तरी डबा भरत नाही. कृश, वयस्क बाईच्या अंगात स्नायू थोडे, म्हणून क्रिएटिनिनही थोडेच तयार होते. मूत्रपिंडाचे काम बरेच मंदावले तरी आकडा हद्दीतच राहतो.

उदाहरणादाखल क्रिएटिनिन १.१. वय, लिंग आणि हा आकडा सूत्रात घालून ईजीएफआर, म्हणजे गाळण्याचा अंदाजी वेग, काढतात. २५ वर्षांच्या तरुणाचा तो सुमारे ९५ येतो, ७५ वर्षांच्या आजींचा सुमारे ५२. तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर मूत्रपिंडाचा जुनाट विकार मानतात. त्या आजींना नेहमीच्या मात्रेत दिलेले एखादे औषध जास्त होऊ शकते, आणि गुडघेदुखीसाठी मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या तर निश्चितच टाळायला हव्यात. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी क्रिएटिनिनवर विसंबू नये. लघवीत प्रथिन जाते का, हे त्याच्या आधी कळते.

९. यकृत

‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ हे नाव दिशाभूल करते. एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या पेशींच्या आतली द्रव्ये. पेशीला इजा झाली की ती रक्तात गळतात. म्हणजे ती यकृताचे काम मोजत नाहीत, मोडतोड मोजतात. हजाराच्या पुढे गेली तर कावीळ किंवा औषधाचा घाव. हद्दीच्या दीड-दोन पट राहिली तर आज शहरांत सर्वांत नेहमीचे कारण यकृतात साठलेली चरबी. एसजीओटी स्नायूंतही असते. यकृताच्या खऱ्या कामाचा अंदाज अल्ब्युमिन आणि रक्त साकळण्याचा वेळ यांवरून येतो.

बिलिरुबिन १.८, त्यातले बहुतेक ‘इनडायरेक्ट’, बाकी सर्व साधे, असे तरुण माणसात आढळले तर बहुधा गिल्बर्ट सिंड्रोम नावाची निरुपद्रवी, जन्मजात ठेवण असते. कडक उपवासाने हे बिलिरुबिन आणखी चढते. निर्जळी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी डोळे पिवळसर दिसले म्हणून काविळीचा मंत्र घालायला किंवा माळ उतरवायला नेलेल्या अशा माणसाला ‘गुण’ येतो, तो जेवल्यामुळे.

१०. टीएसएच: मुकादमाचा आवाज

थायरॉइडचा रिपोर्ट लोक उलटा वाचतात. टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड वाढले, असे नाही. बहुधा ते मंदावलेले असते. ऊसतोडीची टोळी हळू चालली की मुकादमाचा आवाज चढतो, टोळी भराभर तोडू लागली की मुकादम गप्प बसतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी हा मुकादम, टीएसएच हा त्याचा आवाज, थायरॉइड ही टोळी. आवाजाची हद्द साधारण ०.४ ते ४.५. टीएसएच ६ आणि टी-४, म्हणजे थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक, साधे, याचा अर्थ मुकादम थोडा ओरडतो आहे, पण काम होते आहे. अशा वेळी बहुतेकदा दोन-तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करतात. थायरॉइडच्या गोळीची मात्रा बदलल्यावर आकडा स्थिरावायला सहा आठवडे लागतात; त्याआधीची चाचणी म्हणजे पैसे फुकट. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी ते दोन-तीन दिवस आधी थांबवावे, कारण काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो.

११. कोलेस्टेरॉल: एक आकडा गणिताचा

एलडीएल पुष्कळदा मोजलेले नसते, काढलेले असते. फ्रीडवाल्ड यांचे १९७२ चे सूत्र असे: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. एकूण २१०, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १९०, तर २१० वजा ४२ वजा ३८ म्हणजे १३०. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र चालत नाही. तेव्हा ‘डायरेक्ट एलडीएल’ करावे लागते. एलडीएल किती चालेल, हे मात्र माणसागणिक बदलते. १२० हा आकडा निरोगी तिशीतल्या माणसाला चालून जाईल; हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याला अजिबात नाही, त्याचे ७० च्या खाली हवे.

१२. दोन रिपोर्टांची तुलना

तुलना करण्यापूर्वी एकक पाहावे. मुलाकडे लंडनला गेलेल्या आजोबांची साखर तिथे ७.० येते आणि घरात ‘साखर उतरली’ म्हणून पेढे वाटायची तयारी होते. १८ ने गुणले की ती १२६ निघते. तिथला एचबीएवनसी ४८ म्हणजे इथला ६.५. क्रिएटिनिनला तिथे ८८ ने गुणलेले असते. प्लेटलेट कुठे लाखांत छापतात, कुठे हजारांत.

दोन प्रयोगशाळांत, दोन दिवशी काही दशांशांचा फरक पडतोच. हिमोग्लोबिन १३.२ वरून १२.९ झाले, आकडा ठळक आला, पण घडले काहीच नाही. याउलट एखाद्या पुरुषाचे हिमोग्लोबिन पाच वर्षे १६ होते आणि यंदा १३.४ आले, तर कुठेही ठळक अक्षर नाही, बाण नाही, आणि तरी शोध घ्यावा असे काही तरी घडले आहे. हे फक्त जुना रिपोर्ट जवळ असला तरच दिसते. म्हणून रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलीत लावावेत, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासावे, आणि डॉक्टरकडे जाताना फक्त नवा कागद न नेता सगळी फाइल न्यावी.